नडियादची कबुली

रागाच्या भरात लिहिलेले पत्र, न वाचता केलेली सही, ऐकीव गोष्टीवरून तोडलेला संबंध: अविचाराची अशी उदाहरणे आपल्यापैकी प्रत्येकाजवळ असतात. मागाहून पश्चात्तापही होतो. परंतु पश्चात्ताप म्हणजे आत्मपरीक्षण नव्हे. घडले ते वाईट, एवढेच पश्चात्ताप सांगतो. त्यात माझा वाटा कोणता, हा प्रश्न आत्मपरीक्षण विचारते. आणि तो प्रश्न फार अवघड असतो.

रौलट कायद्याच्या निषेधार्थ ६ एप्रिल १९१९ रोजी देशात ठिकठिकाणी हरताळ पाळण्यात आला. पंजाबकडे निघालेल्या गांधीजींना वाटेतच अटक झाली. ही वार्ता कळताच अहमदाबादेत लोकांचा संयम सुटला. जाळपोळ झाली, माणसे मारली गेली. नडियादजवळ रेल्वेचे रूळ उखडण्याचा प्रयत्न झाला.

सरकारला दोष देऊन गांधीजींना मोकळे होता आले असते. कायदा अन्यायाचाच होता. जमावाला दोष देणे तर त्याहून सोपे. पुढारी बहुधा तेच करतात. नडियादला पोहोचल्यावर, खेडा जिल्ह्यातील अनेकांना अटक झाल्याचे ऐकल्यावर, गांधीजींनी स्वतःलाच जाब विचारला. जो माणूस शिक्षेच्या भीतीवाचून, समजून-उमजून कायदे पाळतो, त्यालाच अन्यायी कायदा मोडण्याचा अधिकार पोहोचतो, अशी त्यांची धारणा होती. ही पात्रता लोकांच्या अंगी बाणण्यापूर्वीच आपण त्यांना सविनय कायदेभंगाची हाक दिली, ही आपली चूक हिमालयाएवढी आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले.

या शब्दांची पुष्कळ थट्टा झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कायद्याला विरोध करणेच चुकले, असे ते म्हणाले नाहीत. चूक जेवढी होती तेवढीच त्यांनी पदरात घेतली. स्वतःला उगाच कोसत बसणे हेही आत्मपरीक्षण नव्हेच.

१८ एप्रिल रोजी त्यांनी सत्याग्रह तहकूब केला. काही सहकारी नाराज झाले. मुंबईत त्यांनी स्वयंसेवकांचे पथक उभारले आणि पत्रके काढून सत्याग्रहाचा अर्थ लोकांना समजावून देण्यास आरंभ केला. या संथ कामात लोकांना गोडी वाटेना. नव्याने येणाऱ्या स्वयंसेवकांची संख्या वाढण्याऐवजी घटू लागली. तरीही ते शिक्षण चालूच राहिले.