ओल्या छताखालचा ऑक्टोबर

दरवर्षी कवेलू फेरायचा कंटाळा आला, म्हणून सडक अर्जुनीतल्या आमच्या मागच्या खोलीवर मी टिना टाकल्या. त्याखाली दोन इंची ग्लासवूल, खाली पीव्हीसीचं सीलिंग. पहिल्या मे महिन्यात भर दुपारी तिथे डोळा लागायचा.

श्रावणात सीलिंगच्या कोपऱ्यात चहाच्या रंगाचा डाग उमटला. "अहो, वर पाणी मुरतंय," बायको म्हणाली. मी म्हटलं, "मुरू दे. कूलरची ताटी ओली असते, म्हणूनच गार वारा येतो ना?" जन्मभर कूलरसमोर झोपलेल्या वैदर्भीयाचं शहाणपण!

ऑक्टोबरच्या उन्हात खोलीची भट्टी झाली. सीलिंगची पट्टी काढली, तर वूल ओलं होऊन लोंबत होतं. फूटभर लांबी-रुंदीचा तुकडा कापून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. साडेतीनशे ग्रॅम. उरलेल्या कोरड्या गुंडाळीतला तेवढाच तुकडा भरला एकशे दहा. (कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला; मी दिवसभर खाजवत होतो.)

आकारमानाने हे पाणी जेमतेम पाच टक्के. पण ग्लासवूलमध्ये उष्णता अडवते ती तंतूंत कोंडलेली हवा. हवेची उष्णतावाहकता ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन, पाण्याची ०.६, म्हणजे तेवीसपट. तंतूला तंतू टेकतो तिथे थेंब बसला की उष्णतेला आयताच पूल मिळतो. त्यातही टिन तापली की वरच्या पाण्याची वाफ होते, खाली उतरते, वूलच्या खालच्या बाजूच्या गार फॉइलवर पुन्हा पाणी होते आणि सोबत आणलेली उष्णता तिथेच सोडते. कूलरमध्ये वाफ वाऱ्यासोबत निघून जाते. माझ्या छतात तिला वाटच नव्हती. कवेलूही भिजतं, पण फटींतून वारा खेळतो आणि उघाड पडली की ते सुकतं.

तेव्हा ग्लासवूल टाकणार असाल तर टिन आणि वूल यांच्यात दोन बोटं जागा सोडा, दोन्ही टोकांना जाळी लावा. फॉइलची बाजू खोलीकडे हवी आणि सांधे टेपने बंद; नाहीतर छत गळत नसलं तरी थंडीच्या रात्री खोलीतली दमट हवा वर जाते आणि गार टिनेच्या आतून दव धरतं. स्क्रू टिनेच्या उंचवट्यावर मारून घ्या, पाणी वाहतं त्या पन्हळीत नको. सीलिंगची एक पट्टी सहज निघेल अशी ठेवा. पहिला मोठा पाऊस झाला की हात घालून बघा. आणि नव्या प्लास्टरच्या भिंतीवर थर्माकोल चिकटवायची घाई नको, आधी भिंत वाळू द्या. वीटसुद्धा ओली असली की जास्त उष्णता आत सोडते.

तो ओला तुकडा मी चार दिवस अंगणात वाळवला. वजन जवळजवळ पहिल्यावर आलं, जाडी मात्र दोन इंचांची सव्वा इंचच राहिली. हवेची जागाच दबून गेली होती. सगळं वूल नवीन आणलं. ते घालण्याआधी टिनेवर चढून स्क्रू तपासले. त्या कोपऱ्यात सात रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चिरलेले होते.