देश तसा माल, देश तशी रीत

चऱ्होली, मोशी, भोसरी ते चाकण या पट्ट्यात लहानशी शेड घेऊन लेथ, प्रेस किंवा वेल्डिंगचे जॉबवर्क करणारे आपले अनेक बंधू आहेत. त्यांनी बनविलेला भाग मोठ्या कारखान्याच्या गेटमधून आत गेला, चलनावर सही झाली, की त्यांचा संबंध संपतो. तो भाग पुढे कोणत्या मुलुखात जातो याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. परंतु आता लहान शेडलाही परदेशी गिऱ्हाईक थेट विचारणा करू लागले आहे. तेव्हा एकच वस्तू देशागणिक का बदलते, हे समजून घेणे पोटापाण्याच्या दृष्टीने गरजेचे झाले आहे.

सर्वांच्या डोळ्यासमोरचे उदाहरण मोटारसायकलचे. आपल्याकडे मागच्या चाकाच्या बाजूला जाळी असते, तिला बोलीभाषेत साडीगार्ड म्हणतात. साडी, ओढणी, बुरखा चाकात अडकून अपघात होऊ नये म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 123 व्या नियमाने ती सक्तीची केली आहे. मागे बसणाऱ्याला धरायची दांडीही त्याच नियमात येते. चाकणच्या बजाज कारखान्यात तयार होणारी केटीएमची गाडी 2011 पासून युरोपात जाते. तिकडे बायका एका अंगाने बसत नाहीत व तसा नियमही नाही, म्हणून तिकडच्या गाडीला ती जाळी नसते. आफ्रिकेत तर मोटारसायकल म्हणजे भाड्याची गाडीच. नायजेरियात तिला ओकाडा म्हणतात, युगांडा-केनियात बोडा-बोडा. एका गाडीवर दोन-तीन उतारू आणि वर पोते. तिथे चालणाऱ्या बजाज बॉक्सरला लांब सीट व भक्कम कॅरिअर लागते, दिसण्याला महत्त्व नाही. आपल्या शहरातला तरुण हीच गाडी फुकट दिली तरी नाक मुरडील.

मोटारींचेही तसेच. मर्सिडीज कंपनीने चाकणच्या कारखान्यातून 2017 साली ई-क्लास गाडी लांब करून बाजारात आणली, कारण जर्मनीत मालक स्वतः गाडी हाकतो आणि आपल्याकडे तो मागच्या सीटवर बसतो. पाय पसरायला जागा मागेच हवी. फोक्सवॅगनने चाकणहून मेक्सिकोला गाड्या पाठविल्या त्या डाव्या स्टिअरिंगच्या.

या झाल्या मोठ्यांच्या गोष्टी. लहान शेडवाल्याचे नुकसान होते ते ड्रॉईंगच्या कागदावर. आपल्या आय.टी.आय.मध्ये जे ड्रॉईंग शिकवितात ते फर्स्ट अँगल पद्धतीचे. त्यात वस्तू डावीकडून पाहिली असता जी दिसते ती आकृती मुख्य आकृतीच्या उजवीकडे काढतात. युरोपातही बहुतांशी हीच रीत आहे. अमेरिका व जपानमध्ये थर्ड अँगल चालते, म्हणजे डावीकडून दिसणारी बाजू डावीकडेच काढतात. कागद सारखाच दिसतो, मापे तीच असतात; पण ब्रॅकेटचे भोक डाव्या पायाऐवजी उजव्या पायावर पडते. आरशातल्यासारखा उलटा माल तयार होतो आणि संपूर्ण लॉट भंगारात जातो. मापात दोन-चार दोऱ्यांचा फरक असेल तर घासून, भरून काहीतरी करता येते, उलट्या मालाला इलाज नाही. कागदाच्या कोपऱ्यातील चौकटीत कापलेल्या शंकूचे छोटे चिन्ह असते, पद्धत कोणती ते त्यावरूनच कळते. मशीनला जॉब लावण्यापूर्वी आधी ते चिन्ह पाहावे. चिन्हच नसेल तर विचारावे, त्यात कमीपणा नाही.

दुसरा सापळा आट्यांचा. पाइपच्या फिटिंगला आपल्याकडे बी.एस.पी. आटे असतात, त्यांचा कोन 55 अंशांचा. अमेरिकन पद्धतीचे एन.पी.टी. आटे 60 अंशांचे व निमुळते. गंमत अशी की अर्धा इंच आणि पाऊण इंच या दोन्ही मापांत इंचाला 14 आटे दोघांचेही सारखेच. त्यामुळे एक फिटिंग दुसऱ्यात फिरते, घट्टही वाटते, आणि दाब आला की गळते. आखाती देशांतील तेल उद्योगात अमेरिकन यंत्रसामग्री फार आहे. तिकडची ऑर्डर ‘अर्धा इंच’ एवढ्या दोन शब्दांवर घेऊ नये.

विजेचाही असाच घोळ आहे. आपल्याकडे 50 सायकलची वीज. अमिराती, कुवेत, कतार, ओमान येथेही 50. मात्र शेजारच्या सौदी अरेबियात 60. आपल्या 50 सायकलच्या मोटारीवरील पंप तिथे लावला तर तो एक पंचमांश जास्त वेगाने फिरतो. 1440 फेऱ्यांच्या जागी सव्वासतराशेच्या आसपास. पंपाला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. ती मोटार किती दिवस टिकेल? जपानची तऱ्हा आणखी न्यारी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रे घेतली व ओसाकाने अमेरिकन, म्हणून आजही त्या देशाच्या पूर्वेस 50 आणि पश्चिमेस 60 सायकल आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीची एक खरेदी अजून निस्तरत नाही!

आकडे लिहिण्याच्या रीतीही वेगळ्या. जर्मन मनुष्य साडेबारा मिलिमीटर 12,5 असे लिहितो आणि दीड हजार नग 1.500 असे. आपण पहिल्याला गोंधळतो आणि दुसऱ्याला दीड नग समजतो. 05/08 ही तारीख आपल्या लेखी पाच ऑगस्ट, अमेरिकनाच्या लेखी आठ मे. माल पोहोचविण्याची तारीख म्हणून महिन्याचे नाव अक्षरी लिहून घ्यावे.

आता वाराची गोष्ट. विजेच्या नियोजनामुळे भोसरी भागात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी पडत आली आहे. सौदी अरेबियात 2013 पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, त्यापूर्वी गुरुवार-शुक्रवार होती. म्हणजे बुधवारी संध्याकाळी विचारलेल्या शंकेचे उत्तर रविवारी मिळणार. अमिरातीने 2022 पासून शुक्रवारी अर्धा दिवस आणि शनिवार-रविवार पूर्ण सुट्टी केली. रमजानमध्ये सौदीच्या कायद्याप्रमाणे मुस्लिम कामगाराला दिवसाला सहाच तास काम असते, आणि हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने तो काळ दरवर्षी सरकतो. रमजान, ईद, हज यांच्या तारखा आपल्याला तोंडपाठ असतात, या बाबतीत आपला शेडवाला इतरांपेक्षा पुढे असायला हवा. प्रत्यक्षात तो ऐन ईदच्या आठवड्यात बिलाचा तगादा लावतो.

व्यवहारातील वागणुकीबद्दल थोडेसेच सांगतो. जपानी गिऱ्हाईक कार्ड दोन्ही हातांनी देतो, ते न पाहता खिशात कोंबणे त्याला खटकते. जर्मन गिऱ्हाईक दहाची वेळ दिली तर दहालाच येतो आणि थेट कामाचे बोलतो, तो उद्धटपणा नव्हे. अरब व्यापारी आधी कहवा पाजतो, घरच्यांची खुशाली विचारतो, भावाची गोष्ट नंतर काढतो. तिथे घाई करणारा परका ठरतो. पण ‘इन्शाअल्लाह’ या शब्दाचे आपल्याच लोकांनी काय करून ठेवले आहे? माल वेळेवर देण्याची तयारी नसली की हा शब्द पुढे करायचा. पक्का इरादा असलेल्याने उच्चारायचा तो शब्द, टाळाटाळीची पळवाट नव्हे. समोरचा अरब असो की जर्मन, दोघांनाही हे दोन वेळा अनुभवले की पुरते.

या सर्वांवर उपाय एकच, तो म्हणजे लिहून घेणे. देण्याघेण्याचा करार लेखी करा, रक्कम लहान असो वा मोठी, असा आदेश सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. ऑर्डर हाती घेण्यापूर्वी एका कागदावर ड्रॉईंगचा अँगल, आट्यांचा प्रकार, विजेचे सायकल, नगांची संख्या अक्षरी, तारीख महिन्याच्या नावासह आणि दोन्हीकडच्या सुट्टीचे वार लिहावेत, आणि त्यावर गिऱ्हाइकाची सही घेऊन मगच लोखंड विकत आणावे.