पुरुषांमधील स्तनकर्करोग : स्वरूप आणि दक्षता

स्तनाचा कर्करोग हा केवळ स्त्रियांचा आजार होय, असा समज सर्वत्र दृढ आहे. वस्तुतः या रोगाच्या दर १०० रुग्णांत सुमारे १ पुरुष असतो. प्रमाण अल्प खरे. परंतु या समजापायीच पुरुष रुग्ण उशिरा डॉक्टरांकडे येतात आणि तोवर रोग पुष्कळदा काखेतील लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचलेला असतो.

पुरुषाच्या स्तनाग्रामागे दुग्धवाहिन्यांचे थोडेसे ऊतक असते. दूध निर्माण करणाऱ्या खंडिका मात्र सहसा विकसित होत नाहीत. म्हणून बहुतेक गाठी वाहिन्यांतच उद्भवतात. ऊतक थोडे असल्याने गाठ लवकर त्वचेपर्यंत वा छातीच्या स्नायूपर्यंत पोहोचू शकते.

दुसरे वैशिष्ट्य संप्रेरकांचे. १० पैकी सुमारे ९ रुग्णांच्या गाठींत इस्ट्रोजेन ग्रहण करणारे घटक आढळतात. हे संप्रेरक पुरुषाच्या शरीरातही अल्प प्रमाणात असते. यकृताचा सिरॉसिस, लठ्ठपणा अथवा जन्मतः असलेले जादा एक्स गुणसूत्र यांमुळे त्याचा तोल बिघडला, की धोका वाढतो. शस्त्रक्रियेनंतर टॅमॉक्सिफेन हे औषध उपयोगी पडते, ते याच गुणधर्मामुळे.

तिसरे कारण आनुवंशिक होय. बीआरसीए-२ या जनुकातील दोष पुरुषांत विशेष आढळतो. तो पित्याकडून मुलाला तसाच मुलीलाही मिळू शकतो. म्हणून पुरुषास हा रोग झाल्यास कुटुंबातील स्त्रियांनीही वैद्यकीय सल्ला घेणे अगत्याचे ठरते.

शासकीय तपासणी मोहिमांत स्तनांची तपासणी स्त्रियांचीच होते. पुरुषांना स्वतःच सावध राहावे लागते. स्तनाग्रामागे न दुखणारी, एकाच बाजूची घट्ट गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र, रक्तमिश्रित स्राव वा न भरणारी जखम ही लक्षणे होत. वयात येताना किंवा उतारवयात होणारी स्तनवाढ बहुधा निरुपद्रवी असते. तथापि निर्णय डॉक्टरांनी सोनोग्राफी, मॅमोग्राफी व गाठीचा तुकडा तपासूनच करावयाचा असतो.

पहाटेची लोकल गाठून रात्री परतणाऱ्या मीरा-भाईंदरच्या नोकरदारास दवाखान्यासाठी सवड मिळत नाही. त्यात संकोचाची भर पडते. वास्तविक १९४१ पासून कर्करोग्यांची सेवा करणारे परळचे टाटा स्मारक रुग्णालय याच लोहमार्गाने गाठता येते. पात्र रुग्णांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगावरील उपचारांसाठी साहाय्यही मिळते. शिक्षकांनी, कार्यालयप्रमुखांनी व लोकप्रतिनिधींनी ही माहिती पुरुषांपर्यंत निःसंकोचपणे पोहोचविल्यास कित्येकांचा रोग उपचारसाध्य अवस्थेतच उघडकीस येईल.