हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

अहमदपूर हे लातूर-नांदेड मार्गावरील तालुक्याचे ठिकाण. येथील शाळांतून हा पाठ नांदेडच्या विमानतळापासून सुरू करता येईल. नांदेडचे रेखांश सुमारे ७७.३ पूर्व, मुंबईचे ७२.९, अक्षांश दोहोंचे जवळजवळ १९ उत्तर. या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटर भरतो. म्हणजे ४.४ अंशांचे हवाई अंतर सुमारे ४६२ किलोमीटर झाले. परभणी-मनमाडमार्गे जाणारा लोहमार्ग मात्र सहाशेच्या घरात आहे.

दूरच्या प्रवासास हा सोपा हिशेब पुरत नाही. मुंबई-न्यूयॉर्क अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. सपाट नकाशावर पट्टीने ओढलेली रेघ हा जवळचा मार्ग नव्हे. पृथ्वीगोलावर दोरा ताणावा. तो ६५ उत्तर अक्षांशाच्या आसपास चढलेला दिसेल. विद्यार्थ्यांना हे सांगून पटत नाही, दोऱ्यानेच पटते. प्रत्यक्ष मार्ग अर्थात वारे व हवाई हद्दी पाहून ठरतो.

खरा घोटाळा वेळेत होतो. गावातील मुलगा परदेशी निघाला की तिकीट वाचण्याचे काम बहुधा शिक्षकांकडे येते. तिकिटावरील वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. हिवाळ्यात मुंबईहून रात्री २ वाजता सुटलेले विमान लंडनला सकाळी ६.३० वाजता पोचले, तर प्रवास साडेचार तासांचा नव्हे. साडेपाच तासांचा फरक मिळवून तो दहा तासांचा होतो. उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे असतात, तेव्हा फरक साडेचार तासांचाच धरावा. परतीचे उड्डाण बहुधा लवकर संपते, कारण उंचावरील पश्चिमी वारे विमानास पाठीमागून रेटतात.