नवे गडी, जुने गडी



पाडवा जवळ आला की गावात एक बोलणे सुरू होते. कोणाचा सालगडी राहिला, कोणाचा गेला, कोणाचे साल कितीला ठरले. पारावर बसलेल्या माणसाच्या खिशातून एक पैसा जायचा नसतो. तरी तो बोलतोच. कारण गाव त्याचे असते.

इंग्लंड देशात असेच बोलणे दर उन्हाळ्यात चालते. पण तिथे ते फुटबॉलच्या गड्यांविषयी असते. आज आपण नॉटिंगहॅम शहराच्या संघाची हकिकत वाचू. त्या संघाचे नाव नॉटिंगहॅम फॉरेस्ट.

संघांचे वर्ग

फुटबॉलमध्ये एका बाजूला अकरा गडी असतात. खेळ नव्वद मिनिटे चालतो. जिंकले तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक गुण, हरले तर काही नाही.

शाळेत वर्ग असतात, तसे तिथे संघांचे वर्ग आहेत. सर्वांत वरच्या वर्गात वीस संघ. वर्षाअखेर तळाचे तीन संघ खालच्या वर्गात जातात आणि खालचे तीन वर येतात. वरच्या वर्गात पैसा फार. म्हणून तिथे जायला सगळे धडपडतात आणि तिथून पडायला सगळे भितात.

फॉरेस्ट हा जुना संघ, 1865 सालचा. 1979 आणि 1980 अशी लागोपाठ दोन वर्षे तो साऱ्या युरोपात पहिला आला होता. पण 1999 साली तो खालच्या वर्गात गेला. तेवीस वर्षे वर आलाच नाही. बाप सांगायचा आणि मुलगा नुसते ऐकायचा, अशी एक पिढी गेली.

2021 च्या सप्टेंबरात तर संघ खालच्या वर्गातही तळाला होता. तेव्हा स्टीव्ह कूपर नावाचे नवे शिक्षक आले. त्यांनी संघाची घडी बसवली. 29 मे 2022 रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर फॉरेस्टने हडर्सफील्डला एका गोलने हरवले आणि संघ वर गेला. म्हातारी माणसे त्या दिवशी रडली.

आनंद झाला, पण घर रिकामे

दुसऱ्या दिवसापासून काळजी सुरू झाली. संघ वर आणणाऱ्यांपैकी पाच गडी उसनवारीचे होते. आपण पेरणीला शेजाऱ्याचा बैल आणतो ना, तसे. वर्ष संपले, ते आपापल्या मालकाकडे परत गेले. ब्रिस सांबा हा गोल राखणारा गडी. मोक्याच्या सामन्यात त्याने संघाला तारले होते. तोही फ्रान्समधल्या संघात गेला.

आता नवे गडी आणायचे. ते कसे आणतात? गड्याचा करार बाकी असेल तर त्याच्या जुन्या संघाला किंमत मोजावी लागते. शिवाय गड्याचा पगार वेगळा. गड्याची संमतीही लागते. करार संपलेला असेल तर किंमत नाही, फक्त पगार. आणि हे सारे उन्हाळ्यातल्या ठरलेल्या मुदतीत उरकायचे. मुदत संपली की दार बंद.

फॉरेस्टने त्या एका उन्हाळ्यात वीसहून अधिक गडी आणले!

लोक काय बोलत होते

अशा वेळी गावोगावचे शौकीन दोन बाजूंना बसतात. त्यांचे बोलणे साधारण असे चालते.

एक म्हणतो, “अहो, इतके नवे लोक एकदम आणले तर एकमेकांची नावं पाठ व्हायलाच दिवाळी उजाडेल. संघ म्हणजे गर्दी नव्हे.”

दुसरा म्हणतो, “मग काय करायचं? निम्मं घर रिकामं आहे. वरच्या वर्गात मोकळ्या हातानं जायचं का?”

तिसरा म्हातारा असतो. तो म्हणतो, “ज्यांनी वर आणलं, त्यांना बाकावर बसवायचं, हे मनाला पटत नाही.”

चौथा हिशेबी. तो विचारतो, “पैसा कोणाचा? आणि उद्या खाली पडलो तर हे पगार कोण देणार?”

मंडळी, यांतला एकही मूर्ख नाही. चौघेही आपापल्या परीने खरे बोलतात. पुढे काय झाले ते पाहा.

पुढे काय झाले

पहिला शौकीन खरा ठरला. नवे गडी एकमेकांना ओळखेनात. सामन्यामागून सामने हरले. 2022 च्या ऑक्टोबरात लेस्टरने चार गोल चढवले आणि संघ तळाला गेला. आता शिक्षकाला काढणार, असे सर्वांना वाटले. पण मालकाने उलट कूपर यांचा करार वाढवला. पीक पिवळे पडले म्हणून लगेच नांगर घालायचा नसतो, हे त्याने ओळखले.

हळूहळू संघ जुळला. ताइवो अवोनियी हा नव्यांतलाच गडी. 20 मे 2023 रोजी त्याच्या गोलवर फॉरेस्टने आर्सेनलसारख्या बलाढ्य संघाला हरवले आणि वरच्या वर्गातली जागा राखली. 38 गुण, सोळावा नंबर. म्हणजे दुसरा शौकीनही खरा ठरला.

पण सगळेच नवे गडी कामी आले नाहीत. जेसी लिंगार्ड मोठ्या नावाचा गडी होता. वर्षभरात साखळी सामन्यांत त्याच्या पायातून एकही गोल झाला नाही.

आणि चौथा, हिशेबी? त्याचे बोलणे उशिरा खरे झाले. संघाने किती तोटा सोसावा याला तिथे तेव्हा नियम होता. फॉरेस्टला तीन वर्षांत 6 कोटी 10 लाख पौंडांची सूट होती. तोटा त्यापेक्षा 3 कोटी 45 लाखांनी जास्त झाला.

ब्रेनन जॉन्सन हा त्यांच्याच अंगणात लहानाचा मोठा झालेला गडी. त्याला विकून त्यांनी सुमारे 4 कोटी 75 लाख पौंड मिळवले. पण हिशेबाचे वर्ष 30 जून 2023 ला संपले आणि विक्री झाली 1 सप्टेंबरला. संघ म्हणाला, थांबलो म्हणून किंमत चांगली आली. पंचांनी ते मानले नाही. मार्च 2024 मध्ये फॉरेस्टचे चार गुण कापले.

आपल्याकडेही असे होते. भाव वाढेल म्हणून ज्वारी धरून ठेवतो. भाव वाढतोही. पण सोसायटीची मुदत टळून गेलेली असते.

दुसऱ्या संघाची गोष्ट

मग काटकसरीने वागावे का? त्याच वर्गात 2023 साली ल्यूटन नावाचा संघ आला. एकतीस वर्षांनी आला. त्यांचे मैदान इतके लहान की एका बाजूचे दार घरांच्या रांगेतून जाते. पहिला घरचा सामना पुढे ढकलावा लागला, कारण बैठकीचे बांधकाम पुरे झाले नव्हते. म्पान्झू नावाचा त्यांचा गडी पाचव्या वर्गापासून संघाबरोबर चढत वर आला होता. त्यांनी जुने गडी सांभाळले आणि खर्च बेताचा ठेवला.

शौकिनांनी त्यांचे फार कौतुक केले. पण 2024 साली ल्यूटन 26 गुणांवर अठरावा आला आणि खाली गेला. सतरावा कोण? फॉरेस्ट. चार गुण कापूनही 32 गुण. पुढच्या वर्षी ल्यूटन आणखी एक वर्ग खाली घसरला, तर फॉरेस्ट सातवा आला.

आपण काय घ्यावे

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण खरी. पण बियाणेच घेतले नाही तर पीक येत नाही, हेही खरे. आम्हांला वाटते, प्रश्न खर्चाचा एकट्याचा नाही. खर्च कशासाठी, तो फेडायचा केव्हा, आणि नव्या माणसाला रुळायला वेळ दिला का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. आणि हिशेब तारखेवर लिहून ठेवावा. आता आपल्याला लिहिता येते. मग दुसऱ्याच्या तोंडी हिशेबावर का विसंबायचे?

राहिला तिसरा, म्हातारा शौकीन. त्याच्या बोलण्याला गुणांच्या तक्त्यात जागा नाही. पण जुन्या गड्याला निरोप देताना मान द्यावा, एवढे तरी आपल्या हातात असतेच.

प्रश्न

1. फॉरेस्ट संघाला इतके नवे गडी का आणावे लागले?
2. फॉरेस्टचे चार गुण का कापले?
3. चार शौकिनांपैकी तुम्हांला कोणाचे म्हणणे पटते? का? पाच ओळी लिहा.
4. या वर्षी तुमच्या घरी झालेला एक मोठा खर्च लिहा. तो केव्हा फिटेल, तेही लिहा.