पडीक चराईची जमीन भाजीपाल्याखाली आणताना

वाशीम तालुक्यातील अनसिंग परिसर हा वाशीम-पुसद मार्गावरील बेसाल्ट खडकापासून तयार झालेल्या जमिनींचा भाग आहे. नाल्याकाठी खोल काळी जमीन, तर टेकडीच्या उतारावर मुरमाड, उथळ बरड अशी येथील जमिनीची सर्वसाधारण ठेवण आहे. खोल जमिनीत खरिपात सोयाबीन व तूर आणि रब्बीत हरभरा घेतला जातो. बरड भागाचा काही हिस्सा मात्र वर्षानुवर्षे गुरांच्या चराईसाठी पडीक ठेवलेला असतो. विहीर झाली, ठिबक संच आला, की अशा पडीकावर भाजीपाला घेण्याचा विचार अनेक शेतकरी करतात.

अशी जमीन 'ताजी' असल्यामुळे पहिल्याच वर्षी भरघोस पीक येईल, असा समज आहे. प्रत्यक्षात गवत मोडून लगेच टोमॅटो किंवा कांदा लावला, तर रोपे पिवळी पडतात, हुमणी मुळे खाते, हरळी पुन्हा डोके काढते आणि उत्पन्नाऐवजी निंदणीचा खर्च पदरी पडतो. म्हणून पहिले वर्ष जमिनीच्या तयारीसाठी द्यावे आणि भाजीपाला दुसऱ्या खरिपापासून घ्यावा, हाच या लेखाचा मुख्य सल्ला आहे.

जमिनीचा हक्क आधी तपासावा

सातबारा उताऱ्यावर जमीन स्वतःच्या नावावर असली पाहिजे. गायरान ही गावाच्या सामाईक वापराची शासकीय जमीन असते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग प्रकरणात सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचे निर्देश दिले व त्यानंतर महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी गायरानाच्या वापरावर निर्बंध घालणारा निर्णय काढला. तेव्हा गायरान नव्याने मोडण्याच्या भानगडीत कोणी पडू नये.

विदर्भ व मराठवाड्यात भूमिहीनांनी कसलेल्या गायरान जमिनींचा इतिहास मात्र जुना आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची पात्र अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची तरतूद झाली. ज्या कुटुंबांना अशी जमीन रीतसर मिळाली आहे, त्यांनाही पुढील माहिती उपयोगी पडेल.

कोणता भाग मोडावा, कोणता राखावा

सगळे पडीक एकदम मोडू नये. शेतात तीन-चार ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे.

१) माती २५ सें.मी. पेक्षा कमी असेल किंवा १०० फुटांत ३ फुटांहून अधिक उतार असेल, तर तो भाग गवताखालीच ठेवावा.
२) २५ ते ४५ सें.मी. खोलीच्या जमिनीत गवार, चवळी, भेंडी, मेथी, कोथिंबीर घेता येते.
३) ४५ सें.मी. पेक्षा खोल व निचऱ्याच्या जमिनीत वांगी, टोमॅटो, मिरची व वेलवर्गीय भाज्या घ्याव्यात.

यानंतर पाण्याचा हिशेब करावा. एक एकरास ५ सें.मी. खोलीची एक पाळी द्यायची म्हटल्यास सुमारे २ लाख लिटर पाणी लागते. म्हणजेच १० गुंठ्यांना ५० हजार लिटर. ठिबकने यात बरीच बचत होते, तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये विहिरीत जेवढे पाणी खात्रीने राहते, तेवढेच क्षेत्र धरावे. नवख्या शेतकऱ्याने १० गुंठ्यांपासून सुरुवात करणे हिताचे.

चाऱ्याचाही विचार करावा. मोठ्या जनावरास रोज साधारणतः ६ किलो कोरडा चारा धरला, तरी एका बैलजोडीस वर्षाला सुमारे साडेचार टन लागतो. पडीक मोडल्यावर हा चारा कोठून येणार, याचे उत्तर आधी हवे. राखलेल्या भागात व धुऱ्यावर मारवेल गवत लावून ते कापून घातल्यास ही तूट काही अंशी भरून निघते.

पडीक जमिनीतील चार अडचणी

*तुडवण:* गुरांच्या खुरांनी वरचा थर दबून घट्ट होतो. पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते.

*नत्राची तात्पुरती टंचाई:* गवताच्या मुळ्यांत कर्ब जास्त व नत्र कमी असते. या मुळ्या कुजविणारे जिवाणू जमिनीतील उपलब्ध नत्र स्वतःच वापरतात. त्यामुळे नुकत्याच मोडलेल्या जमिनीत रोपे काही आठवडे पिवळी राहतात. मुळ्या कुजल्यावर तेच नत्र पिकास मिळू लागते.

*बहुवार्षिक तणे:* हरळी, कुंदा व लव्हाळा ही तणे बियांपेक्षा जमिनीखालील खोड व गाठींपासून जास्त पसरतात.

*जमिनीतील किडी:* हुमणी व वाळवी (उधई) यांना न विस्कटलेली गवताळ जमीन मानवते. गवत गेले की त्या पिकाच्या मुळांकडे वळतात.

याशिवाय चराईच्या जमिनीतील शेण बहुधा गोवऱ्यांसाठी वेचून नेले जाते. त्यामुळे अन्नद्रव्ये चाऱ्यावाटे जातात, पण परत येत नाहीत. अशा जमिनीत स्फुरद व जस्ताची कमतरता आढळू शकते.

माती परीक्षण

नांगरटीपूर्वी मातीचा नमुना घ्यावा. गुरे बसण्याची जागा, झाडाखालील जागा, पायवाट व उकिरड्याजवळची जागा टाळावी. वरचे गवत खरडून इंग्रजी 'व्ही' आकाराचा सुमारे २० सें.मी. खोल खड्डा घ्यावा व त्याच्या बाजूची माती काढावी. आठ-दहा ठिकाणची माती एकत्र मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग काढून टाकावेत. अर्धा किलो माती उरेपर्यंत ही कृती करावी. उताराच्या व सखल भागाचे नमुने वेगळे ठेवावेत. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश, जस्त व मुक्त चुना यांची तपासणी करून घ्यावी. सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास जमीन या बाबतीत कमी प्रतीची समजावी व सेंद्रिय खतांवर अधिक भर द्यावा.

मशागत

पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत कापून चाऱ्यासाठी साठवावे. ते जाळू नये. जमिनीत ओल असतानाच उताराला आडवी पहिली नांगरट करावी. उथळ जमिनीत १५ ते २० सें.मी. पेक्षा खोल जाऊ नये, नाहीतर मुरूम किंवा चुनखडी वर येते. एप्रिलमध्ये दुसरी नांगरट करून ढेकळे महिनाभर उन्हात तापू द्यावीत. उन्हाने हरळीच्या काड्या व लव्हाळ्याच्या गाठी सुकतात आणि उघड्या पडलेल्या अळ्या पक्षी वेचतात.

या टप्प्यावर रोटाव्हेटर चालवू नये. हरळी व कुंद्याच्या खोडाचे त्याने बारीक तुकडे होतात व ओल मिळताच प्रत्येक पेऱ्यापासून नवे रोप उगवते. त्याऐवजी वखराच्या उभ्या-आडव्या पाळ्या द्याव्यात व वर आलेल्या काड्या हाताने वेचाव्यात. कुंद्याचे ठोंब कुदळीने खणून काढावेत. वेचलेली तणे धुऱ्यावर टाकू नयेत. खडकावर पूर्ण वाळवूनच खताच्या खड्ड्यात घालावीत.

उताराच्या शेतात मध्ये मध्ये उताराला आडवे गवताचे पट्टे न मोडता ठेवावेत. नव्याने मोडलेली माती पहिल्या जोरदार पावसात वाहून जाते. हे पट्टे ती अडवितात व चाराही देतात.

पहिल्या खरिपात ताग

जूनच्या पहिल्या पावसानंतर उगवलेले तण वखराने मोडावे व वापसा येताच ताग पेरावा. हेक्टरी ५० ते ६० किलो, म्हणजे १० गुंठ्यांस ५ ते ६ किलो बी लागते. चराईच्या जमिनीत द्विदल पीक पूर्वी घेतलेले नसल्याने योग्य जिवाणू पुरेसे नसतात. म्हणून बियाण्यास चवळी गटाचे रायझोबियम व स्फुरद विरघळविणारे जिवाणू चोळावेत. दाट ताग हरळीवर सावली धरून तिची वाढ रोखतो. पेरणीनंतर ४५ ते ५० दिवसांनी, फुले येण्याच्या सुमारास ताग जमिनीत गाडावा. उशीर केल्यास खोड चिवट होऊन कुजण्यास वेळ लागतो.

कुजण्यास ओल राहिल्यास तीन-चार आठवडे पुरतात. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये, खोली व ओल असल्यास, हरभरा घ्यावा. हरभरा निघाल्यावर जमीन पुन्हा नांगरून तापू द्यावी.

जमीन तयार झाली की नाही, हे शेतातच पाहता येते. ढेकूळ फोडून आतील मुळ्या बघाव्यात. त्या पिवळ्या व चिवट असतील तर थांबावे. काळ्या पडून बोटाने सहज चुरत असतील तर भाजीपाल्यास हरकत नाही.

हुमणीचा बंदोबस्त

पावसाच्या पहिल्या सरींनंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर पाने खाण्यास जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून मारावेत. हे काम एकट्याने करून भागत नाही. शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून एकाच आठवड्यात करावे. शेणखत कच्चे घालू नये, कारण त्यातून हुमणीच्या अळ्या शेतात येतात. मेटॅरायझियम ही उपयुक्त बुरशी हेक्टरी १० किलो या प्रमाणात चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलीत द्यावी.

दुसऱ्या वर्षी भाजीपाला व पिकांचा क्रम

मे अखेर हेक्टरी २५ टन, म्हणजे १० गुंठ्यांस अडीच टन (सुमारे पाच बैलबंड्या) कुजलेले शेणखत मिसळावे. मेंढ्या बसविण्याची सोय असल्यास तीही घ्यावी. मात्र लेंड्यांबरोबर तणाचे बी येते, हे लक्षात ठेवावे. रासायनिक खते माती परीक्षणानुसार द्यावीत.

पिकांचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

*प्रथम:* गवार (पुसा नवबहार), चवळी (पुसा कोमल), भेंडी. ही पिके सरळ बियांपासून येतात, लवकर जमीन झाकतात व ओळीतून डवरा चालविता येतो.
*नंतर:* वांगी, मिरची, टोमॅटो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे वांग्याचा अरुणा व मिरचीचा जयंती हे वाण आहेत.
*शेवटी:* कांदा, लसूण, गाजर. या पिकांची पाने अरुंद किंवा वाढ संथ असल्याने ती तणांशी टक्कर देऊ शकत नाहीत. शेतात लव्हाळा दिसत असेपर्यंत कांदा लावू नये.

रोपवाटिकेची जागा एप्रिल-मेमध्ये ओलवून पारदर्शक प्लॅस्टिकने चार ते सहा आठवडे झाकून तापवावी. याने तणांचे बी व रोगजंतू कमी होतात. लव्हाळ्याच्या गाठी मात्र पूर्ण मरत नाहीत. शेतात लव्हाळा दर दोन-तीन आठवड्यांनी काढत राहावा, म्हणजे नव्या गाठी धरत नाहीत.

कुंपण व वाट

गावची गुरे जुन्या सवयीने याच जागेवर येतात. शिवाय रोही, हरिण व रानडुकरांचा उपद्रव असतोच. म्हणून लागवडीपूर्वी कुंपण पूर्ण करावे. गुरांची जुनी वहिवाट पूर्णपणे बंद करू नये. कडेने वाट सोडून गुराख्यांना आधी सांगावे, म्हणजे तंटे टळतात.

कामांचे वेळापत्रक

ऑक्टोबर-नोव्हेंबर : गवत कापणी, माती नमुना, पहिली नांगरट
एप्रिल-मे : दुसरी नांगरट, वखरणी, तण वेचणी
जून-जुलै : भुंगेरे गोळा करणे, ताग पेरणी
ऑगस्ट : ताग गाडणे
ऑक्टोबर : हरभरा
पुढील एप्रिल-मे : नांगरट, शेणखत, कुंपण, रोपवाटिकेची जागा तापविणे
पुढील जून-जुलै : गवार, चवळी, भेंडी

पहिल्या वर्षी हाती फार तर हरभरा व कापलेले गवत येईल. पण या वर्षात जमीन तणमुक्त होऊन तिची भुसभुशीतपणा व सुपीकता वाढते. शेतकरी बंधू-भगिनींनी दहा गुंठ्यांवर हा क्रम पाळावा, खर्च-उत्पन्नाची नोंद ठेवावी व अनुभव आल्यावरच क्षेत्र वाढवावे. अधिक माहितीसाठी तालुका कृषी अधिकारी किंवा रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.