कर्ज, कॅमेरा आणि परदेश

परदेशात राहून सिनेमात किंवा टीव्हीवर करिअर सुरू करता येतं का, हा प्रश्न आपल्या होस्टेलमध्ये रात्री बारानंतर हमखास निघतो. सबमिशन उरकलेलं असतं, मेस बंद असते आणि कुणाच्या तरी लॅपटॉपवर पिक्चर चालू असतो. मग कुणीतरी म्हणतो, "यार, एम.एस.ला जायचं आणि तिकडेच कुठेतरी घुसायचं!" गेल्या वर्षी असं म्हणणारा मीच होतो.

यंदा प्रवेशाचं पत्र आलं आणि गंमत संपली. आमचं घर कळव्यातच आहे, दोन खोल्यांचं. बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. शैक्षणिक कर्जासाठी तारण ठेवायचं ते हेच घर. जेवताना मी धीर करून सांगितलं, "बाबा, शिकायला जातोय खरा, पण मला पुढे सिनेमात काम करायचंय." बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "कर. पण हप्ता कशातून भरशील ते आधी सांग."

त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी मी महिनाभर वाचन केलं. हा लेख म्हणजे त्या अभ्यासाची वही समजा. ज्यांनी खरोखर असं काही केलं अशी तीन माणसं निवडली आणि प्रत्येकाला बाबांचाच प्रश्न विचारला.

पहिला धडा : दोन महिन्यांचा परदेश

सुरुवात अर्थात दादासाहेब फाळक्यांपासून. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन इथे शिकले. फोटोग्राफी केली, छापखाना काढला, १९०९ मध्ये छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी पटेना म्हणून छापखाना सोडला. १९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्या देवादिकांची चित्रं अशी पडद्यावर आणायची असं त्यांनी ठरवलं.

इथपर्यंत आपण शाळेत वाचलेलं असतं. पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेव्हा वय एक्केचाळीस, घरी बायको-मुलं. लंडनमध्ये ओळख कुणाचीच नाही. ते थेट 'बायोस्कोप' या चित्रपट-साप्ताहिकाच्या कचेरीत गेले आणि संपादक कॅबोर्न यांना भेटले. त्यांच्यामार्फत सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन इथल्या स्टुडिओत चित्रीकरण कसं चालतं ते पाहता आलं. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं, कच्च्या फिल्मची सोय केली आणि १ एप्रिलला ते परतही आले. म्हणजे जाऊन-येऊन दोनच महिने, त्यातलं प्रत्यक्ष लंडन जेमतेम दोन आठवड्यांचं!

भोकं पाडायचं यंत्र कशाला? कारण त्या वेळी कच्ची फिल्म कोरी मिळायची, कडेची छिद्रं आपणच पाडायची. आता जरा हिशेब करू. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३७०० फूट, म्हणजे ५९,२०० चौकटी. एका चौकटीला प्रत्येक बाजूला ४, दोन्ही मिळून ८ छिद्रं. एकूण ४,७३,६०० छिद्रं. पावणेपाच लाख, आणि तीही फक्त एका प्रतीची. हे काम अंधारात बसून करणाऱ्यांमध्ये सरस्वतीबाई फाळके होत्या. चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच बघायच्या. आपण व्हायवाला 'टीमवर्क' म्हणून जे उत्तर ठोकतो ते याच्यापुढे फिकं आहे.

परत आल्यावर फाळक्यांनी लगेच मोठा चित्रपट काढला नाही. कुंडीत बी पेरून रोप कसं वाढतं याची चित्रं रोज थोडी थोडी घेतली आणि 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला. तो पाहून पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. त्यानंतर ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. १९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथेच राहून चित्रपट काढण्याचं आमंत्रण मिळालं, ते त्यांनी नाकारलं.

बाबांच्या प्रश्नाचं फाळक्यांचं उत्तर: काय शिकायचं ते ठरवून जा, तेवढंच शिका, परत या आणि आधी छोटी गोष्ट करून दाखवा. मात्र दुसरी बाजूही प्रामाणिकपणे लिहितो. हेच दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले तेव्हा चित्रपटसृष्टीपासून दूर आणि ओढगस्तीत होते. पहिलं असणं म्हणजे पोट भरणं नव्हे.

दुसरा धडा : पगारातून पिक्चर

दुसरे नागेश कुकुनूर. मराठी नव्हेत, हैदराबादचे, पण जातीने आपलेच, म्हणजे इंजिनियर! उस्मानिया विद्यापीठातून केमिकल इंजिनियरिंग, मग अमेरिकेत जॉर्जिया टेकला पदव्युत्तर शिक्षण आणि पुढे अटलांटात पर्यावरण सल्लागाराची नोकरी. नोकरी सांभाळून त्यांनी तिथेच नाट्यकार्यशाळांमधून अभिनय आणि दिग्दर्शन शिकून घेतलं. साठवलेल्या पगारातून सुमारे १७ लाखांत 'हैदराबाद ब्लूज' केला. तो १९९८ मध्ये आला आणि चालला. गोष्टही कशाची? अमेरिकेहून सुट्टीला घरी आलेल्या मुलाची.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, त्यांनी निर्माता शोधत वर्षं घालवली नाहीत, त्यांची नोकरीच त्यांची निर्माती होती. दोन, परदेशात राहून त्यांना जे कळलं तेच त्यांचं भांडवल झालं. तिकडे राहणाऱ्याला दोन्ही घरं दिसतात, आणि दोन्हीकडे थोडं परकंही वाटतं. ते लिहून ठेवलं तर त्याची पटकथा होते. नाहीतर त्याचं नुसतं रडगाणं होतं.

तिसरा धडा : आपल्याच दाराने आत

तिसरं नाव मला सगळ्यात जवळचं वाटलं. विकास साठ्ये पुण्याच्या कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत होते. पुढे न्यूझीलंडला गेले आणि २००९ मध्ये क्वीन्सटाउनच्या शॉटओव्हर या कंपनीत रुजू झाले. या कंपनीच्या 'के-वन' कॅमेरा यंत्रणेसाठी फेब्रुवारी २०१८ मध्ये चार जणांना ऑस्कर अकादमीचा वैज्ञानिक आणि अभियांत्रिकी पुरस्कार मिळाला. त्या चौघांतले एक साठ्ये.

ही यंत्रणा हेलिकॉप्टरखाली बसवतात. हेलिकॉप्टर थरथरतं, कलतं, वाऱ्याने हलतं, पण पडद्यावरचं चित्र मात्र स्थिर हवं. जायरो सेन्सर हालचाल मोजतात आणि मोटर कॅमेऱ्याला तेवढंच उलट फिरवतात. थोडक्यात, आपल्याला तिसऱ्या वर्षी नको नको होणारी क्लोज्ड लूप कंट्रोल सिस्टिम! नेहमीच्या तीन अक्षांच्या माउंटला एक दुखणं असतं. कॅमेरा सरळ खाली वळवला की पॅनचा अक्ष आणि रोलचा अक्ष एकाच रेषेत येतात, आणि एका दिशेचं स्वातंत्र्य हरवतं. 'के-वन' सहा अक्षांचं आहे, त्यामुळे सरळ खाली बघतानाही चौकट नीट साधता येते आणि वैमानिकाचं कामही जास्त सुरक्षित होतं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. सिनेमात जायचं म्हणजे हीरो, दिग्दर्शक नाहीतर कॅमेरामन, एवढंच मी धरून चाललो होतो. सिनेमाला कंट्रोलवालाही लागतो, सिग्नल प्रोसेसिंगवाला, ध्वनीवाला, ग्राफिक्सचं गणित जाणणाराही लागतो. ज्या डिग्रीला आपण शिव्या घालतो तीसुद्धा आत जायचं एक दार आहे.

कागदपत्रांचा धडा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच पोरं अडकतात. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर शिक्षण चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. बाहेर पगारी काम करायला रीतसर परवानगी लागते. शिक्षण संपल्यावर १२ महिने प्रत्यक्ष कामाची मुभा मिळू शकते आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक पदव्यांना आणखी २४ महिन्यांची वाढ असते. मात्र ते काम तुमच्या विषयाशी संबंधित हवं. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचं एम.एस. करून मालिकेत पैसे घेऊन अभिनय केला तर ते बसत नाही. कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीत काम केलं तर बसू शकतं. पुढे नोकरीचा व्हिसा मिळाला तरी तो त्या मालकाशी बांधलेला असतो, शनिवार-रविवार दुसरीकडे कमाई करायला तो चालत नाही. ब्रिटनमध्ये तर विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करायला आणि व्यावसायिक कलाकार म्हणून काम करायला मनाईच आहे.

मग काहीच करायचं नाही का? तसं नाही. विद्यापीठाचं नाट्यमंडळ, मित्रांचे लघुपट, तिथल्या महाराष्ट्र मंडळांची नाटकं आहेतच. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचं. हौसेने, बिनमोबदला केलेल्या अशा कामाला सहसा अडचण येत नाही. पण मानधन म्हणून का होईना, पैसा हातात यायच्या आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारा. नियम बदलत राहतात. होस्टेलमधल्या सीनियरचं ऐकीव ज्ञान इथे चालत नाही.

माझं उत्तर

महिन्याभराने मी बाबांसमोर वही ठेवली. तिच्यात चार ओळी होत्या.

१. एम.एस. इमेज आणि सिग्नल प्रोसेसिंगमध्येच करणार. नोकरी आधी, आणि जमल्यास कॅमेरा किंवा ध्वनीच्या कंपनीत.
२. घरावरचं कर्ज फिटेपर्यंत नोकरी सोडणार नाही.
३. तिकडे जे बघेन ते दर आठवड्याला मराठीत लिहून ठेवणार.
४. जायच्या आधी इथे, कळव्यात, एक दहा मिनिटांचा लघुपट पुरा करणार.

चौथी ओळ वाचून बाबांनी चष्मा काढला. "कशावर?" मी म्हटलं, "तुमच्यावर. सकाळच्या शिफ्टला निघणाऱ्या माणसावर." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून आपला जुना डबा आणि कंपनीचा बिल्ला काढून माझ्या टेबलावर ठेवला.

सध्या आमचं शूटिंग चालू आहे. कॅमेरा मोबाइलचा, स्टँड वर्कशॉपमध्ये वेल्डिंग केलेला, लाइट म्हणजे मेसमधली ट्यूबलाइट. पारसिकच्या डोंगरावर ऊन येतं तेवढी वीस मिनिटं आम्हाला मिळतात. पहिले दोन दिवस चित्र इतकं हललं की सगळं फेकावं लागलं. तेव्हा कुठे कळलं की कॅमेरा स्थिर ठेवण्यासाठी माणसं पुरस्कार का देतात!

मित्रहो, आपल्या कळव्याला फास्ट लोकल थांबत नाही. आपण स्लोने ठाण्याला जातो आणि तिथून पुढची गाडी पकडतो. दोन गाड्या लागतात, पण पोहोचतो. तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात हेच वेड असेल तर पुढच्या रविवारी सकाळी सहाला होस्टेलच्या गेटवर या. आवाज रेकॉर्ड करायला एक माणूस कमी पडतोय.